लोखंडाला दुखत नाही

"दुखलं तर डावा हात वर करायचा हं," असं डॉक्टरीणबाई ज्या पेशंटला सांगत होत्या, त्याला हातच नव्हता. डोळे होते, गोल आणि काचा फुटलेले. तोंड होतं, तेही आ वासलेलं. बाकी सगळा नुसता गंज. ठाकुर्लीला, आमच्याच गल्लीतल्या त्यांच्या बैठ्या बंगलीच्या गॅरेजात, विटांच्या चवडींवर, ती छप्पर नसलेली दोन सीटची जुनी गाडी बसली होती आणि बाई स्टुलावर बसून, कपाळाला दिवा बांधून, तिच्या पत्र्यातला गंज दात कोरायच्या सळईने कोरत होत्या. मी दारात उभी होते. मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं.

ठाण्याला नौपाड्यात त्यांचा दवाखाना होता. डोंबिवली-ठाकुर्लीकडची आम्ही कितीतरी माणसं आपल्याकडचे दातांचे डॉक्टर सोडून त्यांच्याकडे जायचो. त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, दात राहत. भाजी घेताना मध्येच मला कोपर मारून म्हणायच्या, "अगं, ती बघ, वरचा उजवा सुळा चालली. जाडी झाली ना?" कुणाच्या लग्नात नवरदेवाकडे बघून, "याला मी दुधाचे असल्यापासून ओळखते." मी शाळेत भूगोल शिकवते, माझ्यामागे 'बाई' लागलं त्याला काळ लोटला, पण त्यांच्या लेखी मी कायम 'खालची डावी'. माझ्या नवऱ्याला तर त्या 'खालच्या डावीचे मिस्टर' म्हणत. तो दवाखान्यात कधी गेला नव्हता, म्हणून त्याला स्वतःचं स्थान नव्हतं.

डावा हात वर करायची ती सूचना सगळेच दंतवैद्य देतात. पण हात वर झाल्यावर "झालंच, झालंच" म्हणत मशीन चालूच ठेवणारेही मी पाहिले आहेत. डॉक्टरीणबाई थांबायच्या. हात जरासा हलला तरी पाय पेडलवरून उचलला जायचा, मग त्या वाक्याच्या मध्ये असोत की दाताच्या. "दुखतंय?" विचारायच्या, आपण मान हलवेपर्यंत वाट बघायच्या आणि मग म्हणायच्या, "झालं. थोडंच राहिलंय." ते थोडं कधीकधी पाऊण तास चालायचं. पण त्यांनी थांबून विचारलेलं असायचं ना, त्यामुळे तो पाऊण तास आपण मुकाट्याने सोसायचो.

एकदा मात्र मी हात वर केला नसताना त्या थांबल्या. माझीच दाढ, खालची डावी, दुसऱ्यांदा भरायला घेतली होती. मशीन बंद झालं. मी डोळे उघडले तर बाई स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होत्या. हात किंचित हलत होता, पंख्याखाली कॅलेंडरचं पान हलतं तेवढाच. "काही नाही," त्या म्हणाल्या. मग डाव्या हाताने उजवं मनगट धरून त्यांनी ती दाढ भरली, घासून गुळगुळीत केली, मला चूळ भरायला लावली, आणि दुसऱ्या दिवसापासून दवाखाना बंद. मी भांडायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे बघ, दाताला हात लावायचा तर हात स्थिर हवा. ते माझं आता वाढतच जाणार आहे, हलणं. लोखंडाला काय, दुखत नाही."

हे लोखंड कुठून आलं, ते सांगते. बाईंचं माहेर नौपाड्यातलं. दोन वेण्या घालायच्या वयात, दाढ सुजून गालाला फडकं बांधलेलं असताना त्या गॅलरीत उभ्या होत्या, आणि खालून एक बाई अशीच उघडी गाडी चालवत आली. डोक्याला रुमाल, बिनबाह्यांचं पोलकं. गाडी थांबवून तिने वर बघितलं आणि विचारलं, "स्टेशन कुठे गं?" यांना दुखऱ्या गालामुळे बोलता येईना. नुसता हात केला. ती हसली आणि गेली. "पण गेली भलतीकडेच," बाई मला सांगायच्या. "मी दाखवलं एकीकडे, ती वळली दुसरीकडे. कुठे चालली होती गं ती? इतकी वर्षं झाली, मला कळलं नाही. म्हणून एकदा आपण स्वतःच जाऊन बघावं म्हणते."

पुढे दवाखान्यात बाळकुमची एक म्हातारी आजी कवळी करायला आली. मापं घेताना गप्पा निघाल्या, आणि तिने सहज सांगितलं, "आमचे वाऱ्यान पन एक गारी हाय. मिठागरावरचा कोन साहेब ठेवून गेला तो परत नाय आला. तिचेन कोंबऱ्या अंडी घालतान." बाईंनी त्याच रविवारी वाड्यात जाऊन बघितलं. सीटच्या जागी पेंढा, पेंढ्यावर कोंबडी, कोंबडीच्या मागे स्टीअरिंगचं चाक. बाई तिथेच उकिडव्या बसल्या म्हणे. आजी म्हणाली, "ने. पन कोंबऱ्यांना इचारून ने." आजीला कवळी मिळाली आणि बाईंना गाडी. दोघींनाही आपलाच सौदा फायद्याचा वाटला. ठाकुर्लीला आलेली गाडी कितीतरी दिवस ताडपत्रीखाली पडून होती. दवाखाना बंद झाला तेव्हा बाईंनी ताडपत्री काढली.

गंजाबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. "गंज म्हणजे कीड. वर दिसते तेवढीच आहे असं समजलीस तर फसलीस." सगळा पत्रा बदला, असं सांगणारे पुष्कळ भेटले. त्यांना त्या नुसत्या हसून चहा पाजायच्या. उपटून टाकणं कुणालाही येतं, वाचवता येतंय तोवर वाचवायचं, असा त्यांचा दवाखान्यातलाही खाक्या होता. दाराच्या कडेचा, चाकावरच्या कमानीचा गंज त्या सळईने टोकत टोकत जायच्या, आवाज बदलला की थांबायच्या. "इथे जिवंत आहे बघ," म्हणायच्या आणि माझं बोट तिथे टेकवायच्या. आरशाने पत्र्याची मागची बाजू बघायच्या. हात हलायचा, सळई घसरायची, पत्र्यावर ओरखडा उठायचा. "सॉरी हं," त्या गाडीला म्हणायच्या. लोखंडाला दुखत नाही हे त्यांचंच वाक्य, पण त्यावर त्यांचा स्वतःचा फारसा विश्वास नसावा.

इंजिन नानांचं. नाना म्हणजे बाईंचे यजमान, एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत मेन्टेनन्सला होते, निवृत्त होऊन घरात स्वतःला जागा शोधत होते. ती त्यांना इंजिनात मिळाली. "लग्नानंतर पहिल्यांदा हिने मला कामाचा माणूस म्हटलंय," मला हळूच सांगायचे. नवरा-बायकोंची भांडणं व्हायची ती रंगावरून. गंजाखाली, आत एका कोपऱ्यात, मूळ रंगाचा नखाएवढा तुकडा सापडला होता: फिका हिरवा, कैरी कापल्यावर सालीलगत दिसतो तसा. नाना दुकानातून रंगांच्या पट्ट्या आणायचे आणि ट्यूबलाइटखाली धरून म्हणायचे, "हाच की." बाई त्यांच्या हातातून पट्टी काढून घ्यायच्या. "दाताचा रंग ट्यूबलाइटखाली ठरवत नाहीत. सकाळी, उत्तरेच्या उजेडात बघायचा." मग सकाळी दोघं तो पत्र्याचा तुकडा घेऊन अंगणात उभे. येणारे-जाणारे बघायचे. नाना खजील व्हायचे, बाई नाही.

शनिवारी माझी शाळा अर्ध्या दिवसाची. जेवून मी तिकडे जायची, आणि मग आम्ही फिरायला निघायचो. म्हणजे काय, तर विटांवरच्या गाडीत, पेंढ्याऐवजी गोधडी टाकून दोघी बसायचो. शटर अर्धं खाली. फटीतून उन्हाची पट्टी येऊन बरोबर चाकावर पडायची. बाई चाक धरायच्या, डोळे मिटायच्या आणि सुरू करायच्या, "हं, डोंबिवली पश्चिम आली. आता मोठागाव. आता पूल." खाडीवरचा तो पूल तेव्हा बांधून पुरा झाला नव्हता, आमची गाडी मात्र त्यावरून कितीदा तरी पलीकडे गेली. "खाडीचा वास आला का?" त्या विचारायच्या, आणि खरंच सांगते, यायचा. मी भूगोलाची बाई असल्यामुळे मध्येच बोलायची, "बाई, बाळकुम आत्ता नाही, आधी मानकोली, मग काल्हेर, कशेळी." त्या डोळे न उघडता म्हणायच्या, "तू खिडकीतून बघ ना गप." खिडकी तरी कुठे होती? वाटेत ढाब्यावर थांबायचं, म्हणजे नाना वाकून शटरखालून आत येत, खांद्यावर फडकं टाकून, "बोला ताई, काय घेणार?" आणि चहा ठेवून जात. कधीकधी कुठेतरी कुकरची शिट्टी व्हायची, उन्हाची पट्टी चाकावरून माझ्या मांडीवर यायची, आणि मला वाटायचं, आपण खूप लांब आलोय, घरी कळवायला पाहिजे.

पण या सगळ्याखाली एक घाई होती, आणि ती तिघांनाही ठाऊक होती. हाताचं हलणं वाढत चाललं होतं. आधी सळई घसरायची, मग कपातला चहा बशीत यायला लागला, मग बाई उजवा हात साडीच्या पदराखाली ठेवायला लागल्या. त्यांना दुसरं काही नको होतं. त्या गाडीतून, स्वतः चाक धरून, एकदा नौपाड्यात जायचं होतं. डॉक्टरांनी गाडी चालवू नका असं अजून म्हटलेलं नव्हतं, पण ते पुढच्या वेळी म्हणणार हे बाईंना कळत होतं. "मीही पेशंटला एकदम सांगायची नाही," त्या म्हणाल्या. इकडे पूल पुरा होऊन सुरू झाला, तिकडे नाना आरटीओत खेटे घालत होते, आणि एका सकाळी इंजिन चालू झालं. गॅरेजभर निळा धूर झाला. नाना खोकता खोकता रडत होते की रडता रडता खोकत होते, सांगता येत नाही. बाईंनी बॉनेटवर हात ठेवला. "श्वास घेतेय," म्हणाल्या.

आणि मग आमची सगळ्यांची अक्कल बाहेर आली.

मधल्या काळात आमच्या गल्लीचा रस्ता काँक्रीटचा झाला होता. आमच्या डोळ्यांदेखत झाला. जुना रस्ता न खणता त्याच्यावरच नवा चढवला. नानांनी काम करणाऱ्यांना रोज चहा दिला. बाईंनी, धूळ रंगावर बसेल म्हणून, शटरला ओली चादर लावली. रस्ता गुडघाभर वर आला आणि गॅरेज गुडघाभर खाली गेलं, हे मात्र तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. पत्र्यातली केसाएवढी चीर ज्यांना आरशात दिसायची, त्यांना दारापुढचा कट्टा दिसला नाही. मी तर दर शनिवारी त्यावरून उतरून आत जात होते, मुलांना समुद्रसपाटीपासूनची उंची शिकवून. फळ्या टाकून उतार केला. ती गाडी म्हणजे मुळात जमिनीला पोट लावून चालणारी. पुढची चाकं वर चढली आणि पोट कडेला टेकलं. नानांनी ब्रेक लावला. खरर्र असा आवाज झाला आणि बाहेर उभ्या असलेल्या बाईंचा डावा हात आपोआप वर गेला.

"अक्कलदाढ आहे," गाडी परत मागे घेतल्यावर त्या हसत म्हणाल्या. "हिरडीत रुतलीय. अशी यायची नाही." हसल्या खऱ्या, पण आत जाऊन पलंगावर बसल्या त्या संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. दिवा लावायलाही नाही.

सोडवलं ते आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाने. मंडळाचा अध्यक्ष बाईंचा पेशंट. क्रिकेटच्या चेंडूने त्याचे पुढचे दात तुटले होते, म्हणून तो 'वरचे दोन पुढचे'. त्याने येऊन, कमरेवर हात ठेवून, गाडीभोवती एक फेरी मारली. "डॉक्टर, टेन्शन नका घेऊ. आमचा बाप्पा हिच्या डबल असतो, आणि मंडपाची कमान त्याच्यापेक्षा छोटी. दर वर्षी आम्ही हेच विसरतो आणि दर वर्षी त्याला बाहेर काढतो." रविवारी सकाळी पोरं बांबू घेऊन आली. गाडीखालून बांबू घातले, गोधड्या लावल्या, खांदे दिले. एकाने सवयीने "गणपती बाप्पा" म्हटलं, बाकीच्यांनी "मोरया" केलं, आणि कैरीच्या रंगाची ती गाडी तरंगत, जराशी डुलत, खड्ड्यातून रस्त्यावर आली. समोरच्या गॅलरीतल्या आजींनी हात जोडले. मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही.

तशाच निघालो. बाई चाकावर, मी शेजारी, मागे स्कूटरवर नाना, पायाशी हत्यारांची पेटी. बाईंनी डोक्याला रुमाल बांधला होता. मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि तिथेच बघत होते. आणि मग माझ्या लक्षात आलं की हात हलत नाहीये. म्हणजे हलत असणारच. पण गाडीच एवढी थरथरत होती, चाक, काच, सीट, माझे गुडघे, सगळंच, की त्यात त्यांचा हात वेगळा दिसतच नव्हता. बाईंनाही ते कळलं. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "बघ. सगळ्या जगाचाच हात हलतोय." पूल आला. खाली भरतीचं पाणी, धुक्यात अर्ध्या बुडालेल्या होड्या, कडेला तिवरं. ह्या रस्त्याने आम्ही इतक्यांदा आलो होतो की नवीन असं काहीच नव्हतं, फक्त वारा खरा होता. मानकोली आलं. "हं, आता सांग, पुढे काय?" त्या म्हणाल्या. "तुम्ही डोळे उघडे ठेवा," मी म्हटलं.

नौपाड्यात त्यांच्या माहेरच्या घराच्या जागी काचांची उंच इमारत होती. गॅलरी नव्हती, वर बघायलाही कुणी नव्हतं. मला वाटलं, बाईंना वाईट वाटेल. त्यांनी गाडी कडेला घेतली. इडलीची प्लेट हातात धरून एक गृहस्थ आमच्याकडे बघत उभे होते. चाळीसेक वर्षं जिथून चालत दवाखान्यात गेल्या त्या रस्त्यावर, बाईंनी त्यांना विचारलं, "स्टेशन कुठे हो?" गृहस्थांच्या तोंडात घास होता. त्यांनी हात केला. बाई गोड हसल्या, थँक यू म्हणाल्या आणि गाडी बरोबर उलट्या बाजूला वळवली. "बाई, इकडे कुठे?" मी ओरडले. "तेच बघायचंय ना," त्या म्हणाल्या. आम्ही तलावाला वळसा घातला, कुठल्या कुठल्या गल्ल्यांतून हिंडलो, आणि मागे नाना हॉर्न वाजवत दमले. ती रुमालवाली बाई कुठे गेली होती, ते विचारायचं मी विसरले. पण बाईंना सापडलं असावं. तोंडावरून तरी तसंच वाटत होतं.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी ते वाक्य म्हटलं, आता गाडी चालवू नका. पुढे वर्षभरात बंगली बिल्डरकडे गेली, आणि मुलीने दोघांना नाशिकला न्यायचं ठरवलं. तोवर आम्ही बाळकुमला राहायला आलो होतो, बिल्डिंगखाली पार्किंग होतं. बाईंनी मला किल्ली दिली. "तिचं माहेरच आहे ते. कोंबड्या विचारायला आल्या तर सांग, परत आलीय म्हणून." त्यांना नाशिकला जाऊन आता बरेच महिने झाले. गाडी खाली उभी आहे, रविवारी मी ती चालू करते, सोसायटीचे सेक्रेटरी धुराबद्दल बोलतात, मी ऐकून घेते. पण आठवते ती, गाडी घेऊन निघाले ती सकाळ.

सामान बांधून झालं होतं. बाई फाटकाशी, उजवा हात पदराखाली, नानांचा आधार घेऊन उभ्या. मीही पटकन निघाले, लांबवण्यात अर्थ नव्हता. गल्लीच्या टोकाला पोहोचताना आरशात बघितलं. बाईंनी हात वर केला होता. निरोपाचा असेल. उजवा त्या दाखवायच्या नाहीत, मग डावाच करणार. नानाही शेजारी हात हलवत होते. पण बाईंचा हात हलत नव्हता. नुसता वर होता.

मी ब्रेक दाबला. गाडी मागे घेतली, फाटकापर्यंत. इंजिन चालूच होतं.

"दुखतंय?" मी विचारलं.

बाईंनी मान हलवली. इतक्या वर्षांत त्यांनी हो म्हटलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. शाळेत, घरात मी एवढी बडबड करते, पण त्या क्षणी मला त्यांचंच वाक्य तेवढं येत होतं.

"झालं, बाई," मी म्हटलं, "थोडंच राहिलंय."

त्यांनी गाडीच्या दारावर हात टेकवला, तो उजवा होता. गाडी थरथरत होती. मग त्यांनीच हात काढून घेतला, आणि मी निघाले.